न पाहिलेला गुरू

काष्टीचा शनिवारचा बाजार तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. श्रीगोंदे तालुक्यातले, दौंड-नगर रस्त्यावरचे हे गाव जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. बैल घ्यायला गेलेला माणूस तेथे काय करतो ते आठवा. तो आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. मग खूर पाहतो, वशिंडावरून हात फिरवतो, चार पावले चालवून चाल पाहतो, सोबतच्या जाणत्याला विचारतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी पारख केल्याशिवाय तो कनवटीचा पैसा सोडत नाही.

आता तुमच्या घरात या. धम्मदीक्षा घेऊन वर्ष-दोन वर्षे झाली असतील. देव्हारा रिकामा झाला. त्या जागी तथागतांची मूर्ती आली, परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आली आणि तिच्या शेजारी पागोटे घातलेल्या जोतीराव फुल्यांची तसबीर आली. घरातले पोर विचारते, हे कोण? तुम्ही नाव सांगता. पोर पुढे विचारते, तुम्ही यांना पाहिले होते का? येथे तुम्ही थबकता. तुम्ही पाहिले नाही. तुमच्या वडिलांनीही बहुधा पाहिले नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूलही आज ऐंशीच्या घरात आहे. ज्यांनी त्यांना डोळ्यांनी पाहिले ती माणसे आता गावागणिक एखाददुसरीच उरली आहेत, आणि पुष्कळ गावांत तीही नाहीत.

मग ज्याला पाहिले नाही, ज्याचा आवाज कानावर पडला नाही, त्याला आपला कसा म्हणायचे? त्याच्या वाटेने कसे चालायचे? हा प्रश्न मनात आला म्हणून श्रद्धा कमी पडली असे समजू नका. हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर बाबासाहेबांच्याच जीवनात आहे. त्यांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले असे तीन गुरू मानले. या तिघांपैकी एकालाही त्यांनी पाहिले नव्हते. बुद्ध अडीच हजार वर्षांपूर्वीचे, कबीर काही शतकांपूर्वीचे. जोतीराव मात्र अगदी थोडक्यात हुकले. जोतीराव पुण्यात 28 नोव्हेंबर 1890 रोजी निधन पावले आणि भीमरावांचा जन्म महू येथे 14 एप्रिल 1891 रोजी झाला. मध्ये अंतर होते साडेचार महिन्यांचे.

या न पाहिलेल्या गुरूचे चरित्र आज तुम्हाला सांगायचे आहे. काष्टीच्या बाजारात जशी पारख करता तशी पारख करीतच ते ऐका.

फुलमाळ्याचा मुलगा

जोतीरावांचा जन्म 1827 सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांचा धंदा केला म्हणून फुले हे नाव पडले. वडील गोविंदराव. आई चिमणाबाई मूल तान्हे असतानाच वारली. त्याला वाढविले सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईने. मुलगा मराठी शाळेत जाऊ लागला, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, शिकला तर शेतीच्या कामातून जाईल, असे वडिलांच्या मनात भरविण्यात आले आणि त्यांनी त्याला शाळेतून काढून मळ्यात लावले.

हे वाचताना तुम्हाला आपल्याच वस्तीतले एखादे घर आठवले असेल. ऊसतोडीचा हंगाम आला की शाळेचे दप्तर खुंटीला लागते आणि मूल आईबापांबरोबर कोपीवर जाते. वडील दुष्ट नसतात. पोटाची चिंता असते आणि शिकून काय होणार हे कोणीतरी कानात सांगितलेले असते. गोविंदरावांचेही तसेच झाले. परंतु त्यांच्या शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे फारसीचे जाणकार आणि लिजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ राहात. या मुलाची बुद्धी त्यांनी पाहिली होती. दोघांनी गोविंदरावांना समजावले, आणि 1841 साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एका मुसलमानाने आणि एका ख्रिस्त्याने शब्द टाकला म्हणून मळ्यातला एक मुलगा शाळेत परतला. कोणाच्या घरी जाऊन असा शब्द टाकण्याची संधी तुमच्याही दारात येते, हे ध्यानात ठेवा.

त्याच्या आधीच, 1840 साली, जोतीरावांचे लग्न झाले होते. नवरा तेरा वर्षांचा आणि नायगावची सावित्रीबाई नऊ वर्षांची. त्या काळचा रिवाज तसाच होता. तो रिवाज जोतीरावांना टाळता आला नाही. पण लग्नानंतर जे केले ते त्या काळी कोणी करीत नव्हते. त्यांनी आपल्या बायकोच्या हाती पाटी दिली.

न पाहिलेल्याचे पुस्तक

1847 साली शाळा संपली. त्याच सुमारास जोतीरावांच्या हाती एक इंग्रजी पुस्तक आले. लेखक होता टॉमस पेन आणि विषय होता मानवाचे हक्क. हा पेन इंग्लंडातला, स्त्रियांची कंचुकी शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. 1774 साली तो अमेरिकेत गेला आणि तेथल्या स्वातंत्र्ययुद्धात त्याच्या लेखणीने मोठे काम केले. जन्माने कोणी राजा नाही आणि जन्माने कोणी गुलाम नाही, मागच्या पिढीने केलेला करार पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधता येत नाही, असा त्याच्या 1791 च्या त्या पुस्तकाचा आशय आहे. पेन 1809 साली न्यूयॉर्कमध्ये वारला, म्हणजे जोतीराव जन्मण्याच्या अठरा वर्षे आधी.

उपासकांनो, येथे थोडे थांबा. बाबासाहेबांनी ज्यांना न पाहता गुरू मानले, त्या जोतीरावांनीही एका न पाहिलेल्या माणसाकडून प्रकाश घेतला. तो माणूस त्यांच्या देशाचा नव्हता, धर्माचा नव्हता, भाषेचा नव्हता. पेनने जातीबद्दल काही लिहिले नव्हते. त्याच्यापुढे राजे आणि सरदार होते. परंतु जोतीरावांनी पुस्तक मिटले आणि आपल्या पेठेकडे पाहिले. राजे आणि सरदार यांच्या जागी येथे काय आहे, ते त्यांनी स्वतः शोधले. प्रेरणा घ्यायची ती अशी.

पुढच्याच वर्षी, 1848 साली, एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव गेले आणि शूद्राने बरोबरीने चालावे कसे म्हणून त्यांचा अपमान झाला. अपमान गिळून घरी येणारे हजारो होते. जोतीरावांनी मात्र मनाशी हिशेब मांडला. आपल्याला इतके लागले. मग ज्यांची सावलीही चालत नाही त्या महार-मांगांना रोज काय लागत असेल? आणि घराघरातल्या बायकांना? स्वतःच्या दुःखावरून जो दुसऱ्याच्या दुःखाकडे जातो, तो तथागतांनी सांगितलेल्या करुणेच्या अगदी जवळ येतो. मग त्याने बुद्धाचे नाव घेतलेले असो वा नसो.

नगरची वाट

आता तुमच्या जिल्ह्याची गोष्ट ऐका. आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरात त्या काळी सिंथिया फॅरार नावाच्या अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवीत. 1827 साली, म्हणजे जोतीरावांच्या जन्माच्याच वर्षी, त्या या देशात आल्या. मुंबईत काही वर्षे काम करून 1839 पासून त्या नगरला राहिल्या आणि 1862 साली नगरलाच वारल्या. सदाशिव गोवंडे या मित्राबरोबर जोतीराव नगरला गेले असता त्यांनी ही शाळा पाहिली. मुली वाचीत होत्या, लिहीत होत्या. पाहून ते पुण्याला परतले आणि त्यांनी शाळा काढण्याचा निश्चय केला. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते नगरला फॅरारबाईंकडे आणि नंतर पुण्यात.

तेव्हा पोराने विचारले की या तसबिरीतल्या माणसांचे आपल्याकडे काय आहे, तर सांगा : मुलींच्या शाळेचा जो दिवा पुण्यात लागला, त्याची ज्योत नगरहून गेली. काष्टीहून ज्या शहराला तुम्ही दाखल्यासाठी, दवाखान्यासाठी, कोर्टासाठी जाता, त्याच शहरात सावित्रीबाई शिकवायला शिकल्या.

1848 साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल, शेण टाकीत. त्या एक जास्तीचे लुगडे बरोबर नेत, शाळेत जाऊन बदलीत आणि शिकवायला उभ्या राहात. हे एक दिवस चालले नाही. कित्येक महिने चालले. 1849 साली समाजाच्या दडपणाने गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. त्यांना थारा दिला उस्मान शेख यांनी. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने मुलींना शिकवू लागल्या. जागा देणारे भिडे, सोबत राहणारे गोवंडे, परांजपे, वाळवेकर हे ब्राह्मण होते, हेही मुलांना सांगा. जोतीरावांचा लढा जन्माने ठरणाऱ्या वरचढपणाशी होता. जन्मावरून त्यांनी कोणाला शत्रू ठरविले नाही.

1852 च्या सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा उभ्या राहिल्या. 16 नोव्हेंबर 1852 रोजी सरकारने पुण्याच्या विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. परंतु त्यांच्या कामाची खरी पावती त्या शाली-दुशाल्याहून मोठी आहे. ती दिली त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने. 1855 साली तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापला गेला. हे पत्रही 1842 साली सुरू झाले ते नगरलाच. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आम्ही धर्मपुस्तकावाचून राहिलो. तेव्हा आमचा धर्म कोणता, असा त्या मुलीच्या निबंधाचा रोख होता.

नव्याने दीक्षा घेतलेल्या बंधू-भगिनींनो, हा प्रश्न नीट मनात ठेवा. एका अस्पृश्य मुलीने 1855 साली तो विचारला. त्याचे उत्तर एकशे एक वर्षांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर मिळाले. त्या मुलीने बाबासाहेबांना पाहिले नाही, बाबासाहेबांनी त्या मुलीला पाहिले नाही. पण शाळेचा एक बाक त्या दोघांच्या मध्ये आहे, आणि तो जोतीराव-सावित्रीबाईंनी मांडलेला आहे.

हौद, घर आणि लेखणी

दिवसभर राबणाऱ्यांसाठी 1855 साली पती-पत्नींनी रात्रीची शाळा काढली. 1863 साली त्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्या काळी विधवेचे वाकडे पाऊल पडले, किंवा घरातल्याच पुरुषाने तिला फसविले, तर तिच्यापुढे मूल मारणे किंवा स्वतः मरणे एवढेच उरे. अशा बायांनी येथे यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे, कोणी नाव-गाव विचारणार नाही, अशी ती सोय होती. या बाया बहुतेक ब्राह्मण घरच्या होत्या. ज्या जातीतून आपल्यावर शेण फेकले गेले, त्या जातीच्या निराधार बाईची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली. मैत्री आणि करुणा हे शब्द तुम्ही वंदनेच्या वेळी ऐकता. त्यांचा अर्थ एखाद्याने विचारला तर त्याला ही हकीकत सांगा. त्यांतल्याच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि त्याला डॉक्टर केले.

1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाण्यासाठी ओंजळ पसरून उभे राहण्याचा अनुभव तुमच्या आजी-आजोबांना असेल. त्यांना विचारून पाहा म्हणजे या कृत्याचे मोल कळेल. त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद उघडला. बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्यावरचा हक्क बजावला. एकाचे काम जेथे थांबले, तेथून दुसऱ्याने पुढे नेले.

1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निघाले. अमेरिकेत काळ्या माणसांची गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना जोतीरावांनी ते अर्पण केले. त्याही माणसांना त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. भटजीवाचून लग्न लागू लागले, मध्यस्थावाचून माणूस उभा राहू लागला. 1877 च्या दुष्काळात सत्यशोधकांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालविले. 1876 ते 1882 जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्याच्या मुलांसाठी शाळा मात्र नाहीत, हे त्यांनी रोखठोक मांडले आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. 1883 साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले.

पोटासाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत, व्यापार करीत. समाजाच्या पैशावर ते जगले नाहीत. मे 1888 मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. पदरी पैसा नव्हता. पण सांगायचे राहून गेले होते, म्हणून ते डाव्या हाताने लिहू लागले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते छापून निघाले 1891 साली, त्यांच्या पश्चात. भीमराव जन्मले त्याच वर्षी.

अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे धरले. त्यानंतर सव्वासहा वर्षांनी, 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि 10 मार्च रोजी त्या गेल्या.

बाबासाहेबांनी काय घेतले

भीमरावांचे घर कबीरपंथी. कबीर त्यांना वडिलांच्या तोंडून मिळाले. बुद्ध मिळाले ते पुस्तकातून. शाळकरी वयात परीक्षा पास झाल्याबद्दल कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. ते पुस्तक भेट देणाऱ्या गुरुजींना त्या दिवशी पुढचे 1956 साल दिसले असेल काय? एका मुलाच्या हाती एक चरित्र पडले आणि लाखोंची दिशा बदलली, हे लक्षात घ्या आणि वाढदिवसाला मुलांना काय द्यावे याचा विचार करा.

जोतीराव त्यांना मिळाले ते कामातून आणि ग्रंथांतून. दोघांच्या मध्ये एक जिवंत दुवाही होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज जोतीरावांना ओळखत होते, त्यांच्याविषयी आदर बाळगून होते. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव 1913 साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे 1946 साली शूद्र मूळचे कोण या विषयावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीरावांना अर्पण केला आणि 1954 साली आपले तीन गुरू त्यांनी जाहीरपणे सांगितले.

आता पारखीची गोष्ट. बाबासाहेबांनी जोतीरावांचे सगळेच घेतले काय? नाही. जोतीराव बौद्ध नव्हते. जग निर्माण करणारा एक निर्मिक आहे अशी त्यांची श्रद्धा होती. बाबासाहेबांनी तो निर्मिक घेतला नाही. तथागतांच्या धम्मात सृष्टिकर्त्याला जागा नाही. जोतीरावांना इंग्रजी राज्यात शूद्रातिशूद्रांना शिकण्याची संधी दिसली होती. 1930 साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर सांगितले की तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती होती तशीच राहिली आहे. गुरूच्या काळी जे योग्य वाटले ते शिष्याने आपल्या काळी पुन्हा तपासले. तरीही गुरू तो गुरूच राहिला. कारण माणसाला माणूस म्हणून उभे करणे, विद्या सर्वांना देणे आणि स्त्रीला बरोबरीचे स्थान देणे हा जो गाभा, तो बाबासाहेबांनी पुरता घेतला.

तथागतांनी कालामांना हेच शिकविले. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका; स्वतः तपासा, आणि ते स्वतःच्या व इतरांच्या हिताचे आहे असे पटले तरच आचरा. काष्टीच्या बाजारात दावे हाती घेण्यापूर्वी तुम्ही जे करता, तेच धम्मात करायचे आहे. आंधळेपणाने मान डोलावणाऱ्यापेक्षा पारखून स्वीकारणारा शिष्य गुरूला अधिक जवळचा असतो.

वक्कलीची गोष्ट

वक्कली नावाचा एक भिक्खू होता. तथागतांच्या दर्शनाची त्याला फार ओढ. पुढे राजगृहाला एका कुंभाराच्या घरी तो आजारी पडला. तथागत स्वतः त्याच्या भेटीला आले. काही खंत उरली आहे काय असे त्यांनी विचारले, तेव्हा वक्कली म्हणाला की पुष्कळ दिवस आपल्या दर्शनाला येण्याची इच्छा होती, पण अंगात तेवढे बळ राहिले नव्हते. तथागतांनी त्याला प्रेमाने समजावले की या नाशवंत देहाला पाहून काय मिळणार. जो धम्म पाहतो त्यानेच मला पाहिले.

उपासक-उपासिकांनो, तुमच्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. आम्ही त्यांना पाहिले नाही, असे सांगताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांतलेही कित्येक घरी जाऊन होते तसेच राहिले. आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांतल्या एकाने संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भूषविले आणि लाखोंना बुद्धाच्या वाटेवर आणले.

तुमच्या घरी

शेवटी तुमच्या घराविषयी थोडे बोलू. मुलगी दहावीला आहे. पाहुणे स्थळ घेऊन येत आहेत. हुंडा कमी आहे, मुलगा कारखान्यावर आहे, पुन्हा असे स्थळ येणार नाही, असे चार जण सांगत आहेत. भिंतीवर तीन तसबिरी आहेत. त्या दिवशी तुमची खरी दीक्षा आहे. नागपूरला किंवा गावच्या विहारात जी झाली ती सुरुवात होती. मुलीच्या हातात पुढच्या वर्गाचे पुस्तक राहिले तर त्या घरात जोतीराव-सावित्रीबाई आहेत असे समजा. पुस्तक गेले आणि तसबीर राहिली, तर ती काच आणि लाकूड एवढेच आहे. जुन्या देव्हाऱ्यातली मूर्ती जाऊन नवी आली, बदलले काहीच नाही.

एवढे करा. पौर्णिमेच्या वंदनेनंतर घरातल्या एकाने या चरित्रातला एकेक प्रसंग सर्वांना सांगावा. आज नगरची शाळा, पुढच्या पौर्णिमेला मुक्तेचा निबंध, त्याच्या पुढच्या पौर्णिमेला हौद. सांगून झाले की मुलांना प्रश्न विचारू द्यावेत; त्यांना गप्प बसवू नये. वाचता येत नसेल त्या आजीने ऐकावे आणि आपल्या आठवणीतली पाण्याची, वेठबिगारीची, गावकीची गोष्ट जोडावी. तीही एक चरित्रच आहे, आणि ती लिहून ठेवणारा कोणी नाही. वस्तीतले एखादे मूल हंगामात शाळेबाहेर राहिले असेल तर त्याच्या बापाकडे जाऊन मुन्शीजींसारखा एक शब्द टाका. त्याने ऐकले नाही तर पुन्हा जा.

एक दिवस असा येईल की तुम्हीही नसाल आणि तुमच्या नातवंडांची मुले तुमच्याविषयी विचारतील. त्यांनीही तुम्हाला पाहिलेले नसेल. त्या वेळी घरातल्या कोणाला तरी सांगता आले पाहिजे की आमच्या पणजीने शाळा सोडली नाही, आणि आमच्या पणज्याने तिला सोडू दिली नाही. टॉमस पेनपासून जोतीरावांकडे, जोतीरावांकडून बाबासाहेबांकडे, आणि बाबासाहेबांकडून तुमच्या उंबऱ्यापर्यंत जे आले आहे, ते पुढे कोणाच्या तरी हाती द्यायचे आहे. तेवढी जबाबदारी दीक्षेबरोबर तुम्ही घेतलेली आहे.

सर्वांचे मंगल होवो.

जय भीम!